बिनसमुद्राचा किनारा

बारमाही फुलझाड म्हणजे बारा महिने फुले देणारे झाड, आणि बहुवर्षायू झाड म्हणजे वर्षानुवर्षे जगणारे झाड. पुण्यातल्या बागकामातले निम्मे गैरसमज या दोघांची गल्लत केल्यामुळे झालेले आहेत. कडुनिंब पिढ्यान्‌पिढ्या उभा असतो, पण त्याला फुले येतात हे बहुतेकांना गुढीपाडव्यालाच आठवते. सोलापूर रस्त्याने हडपसर, मांजरी मागे टाकत उरुळी कांचनकडे गेले की दुतर्फा रोपवाटिका लागतात. तिथे कोणत्याही कुंडीकडे बोट दाखवून "हे बारमाही ना?" असे विचारले की "बारमाही" असे उत्तर येते. जूनमध्ये येते, जानेवारीत येते, भर मे महिन्यातही येते. खात्रीने बारमाही असते ते हे उत्तर.

ज्यांना हा शब्द खरोखर शोभतो अशा झाडांची यादी लहान आहे. सदाफुली, तगर, कण्हेर, जास्वंद, एक्झोरा, निळा चित्रक, गोकर्ण, बोगनवेल आणि चारचौघांत कोणी नाव घेत नाही ती घाणेरी. या सगळ्यांची पहिली अट ऊन. रोज निदान पाच-सहा तास, तेही थेट अंगावर. ऊन मोजण्याच्या बाबतीत पुणेकर एरवी कधी नसतो इतका उदार असतो. समोरच्या इमारतीवर पडलेले ऊन आपल्या खिडकीतून दिसते, म्हणून तेही तो आपल्या सहा तासांत धरतो.

परदेशी बागकामाच्या पुस्तकांत समुद्राकाठच्या उन्हातल्या वाफ्यांवर वेगळे प्रकरण असते. पुणेकर वाचक ते वगळून पुढे जातो, कारण पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर लांब आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. पण पुण्याच्या बागेला नेमके तेच प्रकरण लागते. समुद्रकिनाऱ्यावर झाडाच्या वाट्याला काय येते? दिवसभर आडोसा नसलेले ऊन, खालून वाळूवरून उलटे परावर्तित होणारे आणखी ऊन, पश्चिमेचा सुसाट वारा, पाणी न धरणारी भुसभुशीत जमीन आणि मुळाशी साचणारे क्षार. आता चौथ्या मजल्यावरची चायना मोझॅकची गच्ची घ्यावी. ऊन तेच, पांढऱ्या कपच्यांवरून डोळ्यांत जाणारी तिरीप तीच, कुंडी आडवी करणारा वारा तोच. कुंडीत माती कमी आणि कोकोपीट जास्त, म्हणजे पाणी पटकन उतरून जाणार. आणि सोसायटीच्या बोअरच्या पाण्याने कुंडीच्या काठाला आतून पांढरे कडे चढलेले असते, ते नखाने खरवडले की पापुद्रा निघतो. हे क्षारच. समुद्र तेवढा नाही, बाकी किनारा पूर्ण आहे. म्हणून खाऱ्या वाऱ्यात तग धरणारी झाडे पुण्याच्या गच्चीवर बिनतक्रार फुलतात आणि थंड, सावलीतल्या, ओलसर देशांची झाडे इथे आल्यावर मे महिना पाहतात आणि जातात.

ज्यांना गच्ची नाही त्यांचा वाफा कंपाउंडच्या भिंतीला लागून असतो. पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यापासून भिंतीपर्यंत उरलेली दोन फूट जमीन बिल्डरच्या माहितीपत्रकात 'लँडस्केप गार्डन' असते. ती खणली की पहिल्या सहा इंचांत लाल माती लागते आणि तिच्याखाली राडारोडा. विटांचे तुकडे, फरशीचे कोपरे, घट्ट झालेली सिमेंटची पिशवी पिशवीच्याच आकारात, आणि एक चप्पल. दुसरी चप्पल कधीच सापडत नाही. माळी हे सगळे पाहून "माती चांगली नाही" असे म्हणतो आणि एक ब्रास पोयटा मागतो. वास्तविक बारमाही झाडांना राडारोड्याचे वावडे नसते, कारण त्यातून पाणी झरझर उतरते. त्यांना वावडे असते ते वर टाकलेल्या चिकण पोयट्याचे. पावसाळ्यात तो पाणी धरून बसतो आणि मुळे कुजवतो.

या बाबतीत सदाफुली सर्वांची गुरू आहे. ती मूळची मादागास्करची. पुण्यात तिला कोणी लावत नाही, ती येते. पावसाच्या पाइपाच्या सांध्यात, जिन्याच्या पायरीच्या फटीत, विजेच्या मीटरच्या खोलीमागे, जिथे माती चमचाभरसुद्धा नसते तिथे. शेळी तिला तोंड लावत नाही. वाळलेली फुले ती स्वतःच गाळते, त्यामुळे कात्रीही लागत नाही. अशी फटीतली सदाफुली तीन-तीन वर्षे फुलत असते आणि त्याच इमारतीत कोणीतरी पैसे देऊन आणलेली संकरित सदाफुली दीड महिन्यात मान टाकते. दोघींत फरक पाण्याचा. फटीतलीकडे कोणी पाहत नाही. विकतचीला सकाळी आई पाणी घालते, दुपारी कामाच्या मावशी घालतात आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेला मुलगा "आज कोणी पाणी घातलेले दिसत नाही" म्हणून घालतो.

सदाफुलीच्या पानांशी पुण्यातल्या सकाळच्या फिरणाऱ्यांचे वेगळे नाते आहे. जाता जाता दोन पाने तोडून साखरेवरचा उपाय म्हणून ती चावली जातात. ही समजूत केवळ पुण्याची नाही. जमैकात मधुमेहावर या पानांचा काढा घेत, म्हणून १९५०च्या दशकात ती पाने कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्यापर्यंत पोचली. प्रयोगात उंदरांची साखर काही लक्षणीय कमी झाली नाही, पण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध निघाले, आणि याच झाडापासून पुढे व्हिनक्रिस्टिन. तेव्हा पान चावणाऱ्याने आपण नेमके काय चावतो आहोत हे एकदा समजून घ्यावे. शेळीला ते कोणी सांगावे लागले नाही.

कण्हेर आणि तगर यांच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, आणि हाच त्यांचा मोठेपणा. कण्हेर महामार्गाच्या दुभाजकावर धूर खात फुलते आणि विषारी असल्यामुळे गुरांपासून सुरक्षित राहते. तगर रोज सकाळी देवापुरती फुले खाली टाकते. घाणेरीची गोष्ट जरा नाजूक आहे. ही अमेरिकेतून शोभेसाठी भारतात आणलेली बाई रानभर पसरली. पुण्याच्या टेकड्यांवर रविवारी सकाळी जमून लोक तिची झुडपे उपटतात, हात ओरबाडून घेतात, फोटो काढतात. त्यांतलेच काही जण परतीच्या वाटेवर रोपवाटिकेत थांबून जांभळ्या फुलांची 'ट्रेलिंग लॅन्टाना' घेतात. ही तिची सख्खी चुलतबहीण आहे हे रोपवाटिकेत कोणी सांगत नाही. इंग्रजी नाव घेतल्यावर वास येत नाही, असा एकूण अनुभव आहे.

जास्वंदीचे मात्र सविस्तर पाहिले पाहिजे, कारण हे झाड अर्धे वनस्पतिशास्त्रात आणि अर्धे समाजशास्त्रात मोडते. जास्वंदीचे फूल एक दिवसाचे. सकाळी उमलते, संध्याकाळी मिटते. त्यामुळे फुलाचा मालक तो ज्याला पहाटे जाग येते. पुण्यात साडेपाचच्या सुमारास काही सज्जन घराबाहेर पडतात. पायांत बूट, डोक्याला माकडटोपी, खिशात घडी घातलेली प्लॅस्टिकची पिशवी आणि हातात काठी. काठी कुत्र्यांसाठी असते असे सांगण्यात येते, पण तिच्या टोकाला आकडी असते आणि कुत्र्यांना आकडीने ओढायची पद्धत नाही. कंपाउंडबाहेर झुकलेली फांदी ही सार्वजनिक मालमत्ता, आत असलेली फांदी आकडीने बाहेर आली की तीही सार्वजनिक, असा यामागचा न्याय आहे.

"काका, आमची जास्वंद आहे ती."

"देवाला दोनच घेतली हो."

"देव कुठे असतो आपला?"

"बी विंग."

यावर उपाय म्हणून पाट्या लागतात. 'फुले तोडू नयेत' ही पाटी तर दोन दिवसांत झाडाचाच भाग होऊन जाते. मग 'देवाला चोरीची फुले चालत नाहीत' ही लागते आणि तिच्यावरून जाणकारांत मतभेद होतात. शेवटी 'फुले देवासाठी हवी असल्यास देवाने स्वतः येऊन मागावीत' इथपर्यंत मजल जाते. फुले जायची थांबत नाहीत.

आता वनस्पतिशास्त्राची बाजू. जास्वंदीला फुले येतात ती नव्या फुटव्यावर. शेंडा खुडला की त्याखालून दोन-तीन फांद्या फुटतात आणि प्रत्येकीला कळ्या धरतात. म्हणून जास्वंद भरभरून फुलायला हवी तर तिची अधूनमधून छाटणी करावी लागते. पुण्यातला मालक छाटणी करत नाही. कात्री घेऊन उभा राहतो, फांदीकडे पाहतो, तिच्यावर एक कळी दिसते आणि "ही फुलली की बघू" म्हणून आत जातो. ती फुलते तेव्हा दुसरी कळी आलेली असते. असे करत झाड दहा फूट उंच आणि खालून बोडके होते. ज्या जास्वंदी रस्त्याच्या बाजूला आहेत त्या मात्र घनदाट असतात आणि लालभडक डवरलेल्या असतात, कारण त्यांचे शेंडे रोज पहाटे कोणीतरी कळीसकट मोडून नेत असतो. पुण्यातली उत्तम छाटणी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान विनामूल्य होते. तिची कदर करणारी पाटी अजून कोणी लावलेली नाही.

जास्वंदीचा दुसरा शत्रू पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात तो हाच. तो रस शोषतो, अंगातून गोड चिकटा सोडतो, आणि त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर त्याला वाहूनही नेतात. मुंग्या कुंडीत का आल्या, याचे उत्तर बहुधा स्वयंपाकघरात असते. चहाचा चोथा खत म्हणून चांगला, असे ऐकलेले असते. तो धुऊन टाकावा, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध असतो आणि तो ऐकायचा राहून गेलेला असतो. साखरेसकट चोथा पडतो, मुंग्या येतात, त्यांच्या मागोमाग ढेकूण. मग औषध शोधणे सुरू होते. पाण्याचा जोरदार फवारा मारून पुंजके धुऊन काढणे आणि मग पातळ साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचे तेल फवारणे, एवढ्याने भागते. पण त्याआधी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर हळद, हिंग, ताक आणि दालचिनी यांची चर्चा होऊन जावी लागते.

वेळेच्या बाबतीत गुलबक्षी हे पुण्याचे अधिकृत फूल व्हायला हरकत नाही. ती बारमाही फुलत नाही. उन्हाळ्यात वरचा भाग वाळतो, खाली गड्डा जिवंत राहतो आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. दुपारभर तिची फुले घट्ट मिटलेली असतात. चार वाजून गेल्यावर ती उघडतात आणि सकाळी उन्हे वर आली की बंद होतात. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्यावरून या शहराची देशभर थट्टा झाली. गुलबक्षी हेच वेळापत्रक अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून घेऊन आलेली आहे आणि तिला कोणी काही म्हणत नाही. तिचे कारण स्वच्छ आहे. तिचे गिऱ्हाईक म्हणजे निशाचर पतंग, आणि ते संध्याकाळशिवाय बाहेर पडत नाही. उलट 'ऑफिस टाइम' म्हणून ओळखला जाणारा चिनी गुलाब ऊन चढल्यावर उघडतो आणि दुपार कलली की मिटतो. दोन्ही एकाच वाफ्यात लावली तर दुकान दिवसभर उघडे राहते.

खऱ्या किनाऱ्यावरून येणाऱ्या झाडांची कथा वेगळी. मे महिन्याची सुटी संपवून कोकणातून परतणाऱ्या गाडीत आंब्याच्या पेट्यांच्या मध्ये एक ओली पिशवी असते, तिच्यात अनंत, अबोली किंवा एक्झोऱ्याची फांदी. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी, रत्नागिरीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. पुण्याला त्याच्या पावपटीच्या आसपास पाऊस आणि दख्खनची काळी माती अल्कधर्मी. अशा मातीत लोह असते, पण अनंताच्या मुळांना ते घेता येत नाही. मग पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. "तिकडे नुसती खोचली तरी लागते," असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. ते खरे आहे, फक्त खोचायचे ते तिकडे. कुंडीत काळी माती टाळून पालापाचोळ्याचे खत घातले आणि पाणी शक्यतो पावसाचे साठवलेले दिले, तर अनंत तग धरतो. फुले मोजकी येतात. त्या प्रत्येक फुलाचा फोटो रत्नागिरीला पाठवला जातो, आणि तिकडून उत्तरादाखल डवरलेल्या अख्ख्या झाडाचा फोटो येतो.

अबोलीला अडचण थंडीची. गोव्यात आणि कोकणात ती गजऱ्याला बाराही महिने पुरते, पण पुण्याच्या पौषात ती गप्प होते. नावाला जागते म्हणायचे. शिवाजीनगरच्या वेधशाळेने १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश तापमान नोंदवलेले आहे. हल्ली तितके काही होत नाही, पण आठ-नऊ अंशांची रात्रही तिला पुरते. भिंतीची ऊब मिळेल अशी पश्चिमेची जागा दिली तर फेब्रुवारीत ती पुन्हा बोलू लागते.

खताबद्दल सर्वसाधारण नियम एवढाच की नत्राने पाने येतात आणि पालाशाने फुले. पालाशासाठी केळीच्या साली आणि कांद्याच्या सालींचे पाणी मुरवून घालणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढली आहे. झाडांवर त्याचा परिणाम मध्यम, शेजाऱ्यांवर तीव्र. गांडूळखत हा सभ्य पर्याय. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा आणि पर्जन्यजलसंचय यांसाठी मिळकतकरात सवलत देते, त्यामुळे अनेक सोसायट्यांत गांडुळे ही फुलांच्या आधी करसल्लागाराला आठवतात. गच्चीवर कुंड्या ठेवण्याचा विषय मात्र वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवर्षी निघतो. वरच्या मजल्याच्या छताला ओल आली की दोष कुंड्यांचा. गच्चीचे वॉटरप्रूफिंग पंधरा वर्षांपूर्वीचे आहे, हे इतिवृत्तात येत नाही.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरते. ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची ही ३९ एकरांची बाग, आणि त्या चार दिवसांत तिथे पुण्यातली सगळी गर्दी. डोळे दिपतात ते पिटुनिया, पँझी, डेलिया यांनी, म्हणजे थंडीपुरत्या पाहुण्यांनी. बारमाही झाडांपुढे कोणी थांबत नाही, कारण ती घरी असतात. लोक पिटुनिया घेऊन जातात. मार्चच्या अखेरीला ती कुंडी रिकामी होते, आणि एप्रिलमध्ये तिच्यात कुठूनतरी सदाफुली उगवते.

शेवटी बोगनवेल, कारण माळ्याचा खरा कस ती लावते. १७६७ साली रिओ द जनेरोजवळ फिलिबेर कॉमर्सन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या मोहिमेला ती सापडली आणि तिला जहाजाच्या कप्तानाचे, बूगँव्हिलचे, नाव मिळाले. कॉमर्सनबरोबर पुरुषवेषात झान बारे नावाची त्याची मदतनीस होती. पुढे ती पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. झाडे गोळा करण्याचे बरेचसे कष्ट तिचे, पण नाव कप्तानाचे. जे रंगीत दिसते ते बोगनवेलीचे फूल नव्हे, ती छदे, म्हणजे फुलाच्या राखणीची पाने. एक झुबका हातात धरून पाहावा. तीन कागदी पाने, आणि प्रत्येकाच्या मधल्या शिरेला चिकटलेली एक बारीक नळी, तिच्या तोंडाशी पांढरट चांदणी. ती चांदणी म्हणजे फूल.

हा सगळा थाट बोगनवेल तहानेपोटी करते. मुळाशी ओल असली की ती पाने आणि काटे वाढवते. माती चांगली सुकली, झाड जरा मलूल झाले, की रंग फुटतो. म्हणून पुण्यात ती पावसाळ्यात हिरवी राहते आणि बाकी वर्षभर रस्ते रंगवते, तेही जिथे पाणी घालायला कोणी जात नाही अशा भिंतींवर. घरची बोगनवेल फुलत नसल्याची तक्रार घेऊन येणाऱ्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा. "रोज घालतो हो, एक दिवस चुकवत नाही," असे अभिमानाने सांगितले जाते. दुसऱ्या प्रश्नाची गरज उरत नाही. कुंडीतल्या बोगनवेलीला वरची दोन इंच माती बोटाला कोरडी लागेपर्यंत थेंबही देऊ नये, आणि बहर ओसरला की फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटाव्यात.

खडकवासला साखळीतली चार धरणे भरलेली असली तरी दुरुस्तीच्या कामासाठी पुण्यात बऱ्याचदा गुरुवारी पाणी बंद असते. त्या दिवशी बादल्या स्वयंपाकघरात अडकतात आणि कुंड्यांची आठवण कोणाला होत नाही. अनेक गच्च्यांवर बोगनवेलीला मिळणारी एवढीच काय ती विश्रांती. इतके वाचून झाल्यावर तिच्याबद्दल माया दाटून आली असेल, तर वाचकांनी कृपया जागेवरच बसावे. झारी उचलू नये.